दिवसा न सांगायच्या गोष्टी

साठी उलटली तरी मी अजून लहान मुलांचीच पुस्तकं वाचते. जव्हारच्या एसटी स्टँडवर मांजराच्या चित्राचं पुस्तक उघडून बसलेली म्हातारी बाई दिसली, की लोक आधी तिच्या आजूबाजूला नातवंड शोधतात. ते सापडलं नाही की माझ्याकडे जरा काळजीनं बघतात. शेजारच्या एक बाई परवा म्हणाल्या, "ताई, आता काहीतरी अध्यात्माचं वाचायला घ्या." मी म्हटलं, "घेते की. चित्रं असतील तर द्या."

माझी नोकरीच तशी होती. एका संस्थेसाठी मी जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या पाड्यांवरच्या शाळांमधून पुस्तकांची पेटी फिरवायचे. पेटी म्हणजे खरोखरच पत्र्याची ट्रंक, दोन्ही बाजूंना कड्या आणि झाकणावर रंगवलेला मोर. ती एका शाळेत ठेवायची, मुलांनी महिनाभर वाचायची, मग उचलून पुढच्या पाड्यावर न्यायची आणि तिथली इकडे आणायची. पेटी बदलायला गेलं की मुलांना मोठ्यानं वाचूनही दाखवायचं. त्याला गोष्टीचा तास म्हणत. लोक मला पेटीवाली बाई म्हणत, आणि सगळे अगदी सहज 'तू' म्हणत. पुण्याहून पाहणीला आलेल्या एका साहेबांना ते माझ्या वतीनं फार लागलं. इकडच्या घरच्या बोलीत लहानथोर सगळ्यांनाच 'तू' असतं, त्यात अनादर नसतो, हे त्यांना समजावण्याच्या नादात आमची मोखाड्याची जीप निघून गेली.

पेटीत जाणारं प्रत्येक पुस्तक मी आधी स्वतः वाचायचे, आणि तेही मोठ्यानं. रविवारी सकाळी फिरायला येणारी मंडळी पोचायच्या आत जव्हारबाहेरच्या शिरपामाळावर जाऊन बसायचं आणि वाऱ्याला पुस्तक वाचून दाखवायचं. मनात वाचताना बरी वाटणारी पुस्तकं मोठ्यानं वाचली की उघडी पडतात. जिथे माझी जीभ अडखळते तिथे लेखक बहुधा खोटं बोललेला असतो, नाहीतर मुलांशी बोलायचं सोडून त्यांच्या आईबापांशी बोलायला लागलेला असतो. एवढंच माझं शास्त्र, आणि त्यावर मी सगळी नोकरी निभावली.

या नोकरीनं मला पगार बेताचा दिला, पण मतं भरपूर दिली. 'बालमित्रांनो' अशी हाक मारणारी पुस्तकं मला सहन होत नाहीत. मी ती हाक पहिल्यांदा एका वर्गात वाचली तेव्हा पोरांनी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. शेवटी धडा शिकवणाऱ्या पुस्तकांचं तर बोलायलाच नको. गोष्ट संपून शिकवण सुरू झाली की वाचणाऱ्याचा आवाज आपोआप बदलतो, आणि तो बदलला की पोरं चड्ड्या झटकून उठतात. मग मी अशा पुस्तकांची शेवटची दोन पानं खळ लावून एकमेकांना चिकटवून टाकायला लागले. आमच्या कार्यालयात समज असा, की जव्हारच्या दमट हवेनं पानं चिकटतात. मी तो समज कधी मोडला नाही.

पुस्तकातलं जंगल हे आणखी एक दुखणं. घनदाट अरण्यात वाट चुकलेल्या राजपुत्राची गोष्ट मी एकदा फार रंगवून वाचली. पोरं घाबरायच्या ऐवजी चिडली. एकजण म्हणाला, "तो वहळ धरून खाली का नाय गेला?" वहळ म्हणजे ओढा, तो धरून उतरलं की वस्ती लागतेच. त्यांच्यासाठी जंगल म्हणजे करवंदं, अळंबी आणि सरपण. माणूस हरवायचा तो ठाण्याच्या स्टेशनात. पण ठाण्याच्या स्टेशनात हरवलेल्या पोराची गोष्ट मला काही कुठल्या पुस्तकात मिळाली नाही. राक्षसांचीही तीच गत. आमच्याकडे बोहाड्याला मोठाले मुखवटे घालून देव-राक्षस नाचतात, आणि कुठल्या राक्षसाच्या आत कुणाचा काका आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यामुळे पुस्तकातला राक्षस आला की पहिला प्रश्न, "ह्या कोन हाय आतमधी?"

आणि पुस्तकातले मामा. मराठी बालपुस्तकांतला मामा म्हणजे खेडेगावातला सुखी माणूस. मे महिन्यात भाचरं येतात, तो त्यांना आंबे खाऊ घालतो, विहिरीत पोहायला शिकवतो, आणि सुट्टी संपली की डोळे पुसतो. आमच्याकडे मामाचा पाडा समोरच्या डोंगरावर असतो, आणि मामा तिथे असेलच असं नाही. भात आणि नागली घरात आली, दिवाळी झाली, की निम्मा पाडा कामाला बाहेर पडतो. वसई, भिवंडी, कुठे बांधकामावर, कुठे वीटभट्टीवर. शिमग्याला माणसं घरी येतात, काही पुन्हा जातात, आणि पाऊस तोंडावर आला की सगळी परततात. पुस्तकातल्या मामांना मात्र अंगण सोडून कुठे जावंच लागत नाही.

ज्या मामाविषयी मला सांगायचंय त्याचं नाव काशिनाथ. पोशेऱ्याच्या पुढे डांबरी रस्ता जिथे संपायचा तिथे जीप आम्हाला सोडायची, मी आणि पेटी. पुढे ओढा, आणि ओढ्यापलीकडे चढावर पाडा. काशिनाथ पेटी डोक्यावर घेऊन ओढा ओलांडायचा आणि वर जाऊन माझी वाट बघत बसायचा. मी धापा टाकत पोचले की म्हणायचा, "बाई, तुझी पेटी तुझ्यापेक्षा हलकी हाय." उंच, काटक, सदा थट्टेत असलेला माणूस. बहीण वारली तेव्हा तिची तान्ही मुलगी त्यानं घरी आणली होती. मेव्हण्यानं दुसरं लग्न केलं, आणि ती मुलगी, सुगंधा, मामाचीच झाली. काशिनाथच्या बायकोला अख्खा पाडा सुगंधाची मामी म्हणूनच ओळखायचा.

त्या शाळेतला माझा पहिला गोष्टीचा तास भादव्यातला. मी पुस्तक उघडलं तर पोरं एकमेकांकडे बघायला लागली. काशिनाथ दारात बसला होता. तो हसला.

"बाई, तू दिसाची गोठ सांगतंस," तो म्हणाला. "मंग मामा वाट भुलल ना."

गोठ म्हणजे गोष्ट. दिवसाउजेडी गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा, जो कुठे बाहेर असेल तो, घरची वाट चुकतो. म्हणून गोष्टी दिवा लागल्यावर सांगायच्या, सगळी माणसं घरात आल्यावर. मी स्वतः नाशिककडची. लहानपणी मीही हे ऐकलं होतं आणि हसून सोडून दिलं होतं. पण माझा मामा पोस्टात कारकून होता, जेवणाचा डबा घेऊन जायचा आणि तिन्हीसांजेला रिकामा डबा घेऊन यायचा. त्याला वाट चुकायला वावच नव्हता.

सहा-सात वर्षांची सुगंधा पुढच्या रांगेत होती. तिनं माझ्याकडे नाही, मामाकडे पाहिलं. काशिनाथ म्हणाला, "मी अठंच बसलोय. माना कठं जायचाय? आयका बिनघोर." मग तो खरंच शेवटपर्यंत दारात बसून राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. तास संपल्यावर त्यानं पेटीतलं देवमाशाचं पुस्तक मागून घेतलं, चित्रं पाहिली, आणि एवढा मोठा मासा बारकी कोळंबी खाऊन जगतो हे कळल्यावर त्याला इतकं हसू आलं की पोरंही हसायला लागली.

पुढची काही वर्षं पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत हेच चाललं. मामा दारात, सुगंधा पुढे, आणि मी मध्ये पुस्तक घेऊन. तिच्याइतका चांगला कान मी दोन्ही तालुक्यांत पाहिला नाही. एकदा मी एका रागावलेल्या मुलीची गोष्ट वाचली. मुलगी आईवर चिडून घर सोडून जाते, आणि पान उलटलं की आईच्या कुशीत. सगळ्यांना गोष्ट आवडली. सुगंधा तेवढी पुस्तक हातात घेऊन पानं पुढे-मागे करत बसली. मग म्हणाली, "बाई, मंधला पान कठं हाय?"

मी सांगितलं, मधलं पान नाहीये, गोष्ट एवढीच आहे.

"मंग राग कठं गेला?"

त्या दिवसापासून माझ्या हातात नवं पुस्तक आलं की मी आधी मधलं पान शोधते. बहुतेक पुस्तकांना ते नसतं. पोर रडतं आणि पान उलटलं की हसतं. पोर घाबरतं आणि पान उलटलं की शूर होतं. मोठ्यांना घाई असते. आपल्याला रडणारं पोर बघवत नाही, म्हणून आपण ते पान लिहीतच नाही, आणि मग म्हणतो की मुलं हल्ली वाचत नाहीत.

दिवाळीनंतर मात्र सगळं फिरायचं. पहिल्या वर्षी मार्गशीर्षात मी पेटी घेऊन गेले तर ओढ्यावर काशिनाथ नव्हता, तो वसईला बिगारी कामाला गेला होता. पेटी गुरुजींनी आणि मी कशीबशी वर नेली. गोष्टीचा तास सुरू केला तर निम्म्या पोरांनी कानांत बोटं घातली, आणि सुगंधा उठून बाहेर आंब्याखाली जाऊन बसली. मला वाटलं पुस्तक वाईट आहे. दुसरं काढलं. तेही तसंच. गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पुस्तकाचा दोष नाही. मामे बाहेर आहेत."

आमच्या कार्यालयात हे सांगितलं असतं तर अंधश्रद्धा निर्मूलनाची पुस्तकं पेटीत घाला असं फर्मान निघालं असतं. मी काही सांगितलं नाही. हिवाळ्याची पेटीच वेगळी भरायला लागले. कोडी, गाणी, आणि माहितीची पुस्तकं. साप, चांदण्या, पूल कसे बांधतात, कागद कसा होतो. तोवर माहितीच्या पुस्तकांना मी जरा नाकच मुरडायचे. पण ती पोरांना चालायची. गोष्ट कोणती आणि गोष्ट नाही ते कोणतं, हे ठरवायचं काम आपोआप सुगंधाकडे आलं. मी तिला एकदा विचारलं, तुला कसं कळतं गं? ती म्हणाली, "ज्यात कोनी कठं जाया निंघतो, ती गोठ." मोठमोठ्या चर्चासत्रांना बसले आहे मी, चहाबिस्किटांसकट. गोष्टीची याहून चांगली व्याख्या ऐकली नाही.

पुढे पाड्यावर मोबाईल आले. मी तिला चिडवायला विचारलं, "मग मोबाईलमधली गोष्ट दिवसा कशी चालते?" ती म्हणाली, "ती कोनी सांगत नाय. आपलीआप चालते."

शिमग्याला काशिनाथ यायचा. येताना भाचीसाठी काहीतरी आणायचा, माझ्यासाठी थट्टा. शिमग्याच्या पुढच्या फेरीत सुगंधा जीपचा आवाज ऐकूनच ओढ्यावर यायची, हिवाळाभर तुंबलेल्या सगळ्या गोष्टी एकदम वसूल करायला. मामा दारात बसायचा आणि म्हणायचा, "वाच बाई, मी आलो." या दिवसांची मला आजही इतकी आठवण येते, की कधीकधी वाटतं मी सगळी नोकरी त्या एका दारासाठीच केली.

सुगंधा सातवीत होती त्या वर्षी शिमग्याला काशिनाथ आला नाही.

बरोबर गेलेली माणसं आली. त्यांनी सांगितलं, वसईचं काम संपल्यावर तो दुसऱ्या मुकादमाबरोबर गुजरातच्या बाजूला पुलाच्या कामावर गेला, पाऊस पडायच्या आत येतो म्हणाला. फोन लागत नव्हता. पाऊस पडला, लावणी झाली, तो आला नाही. मामीनं मोखाड्याला पोलिसांत सांगितलं. मामीचा भाऊ आणि आणखी दोघं गुजरातेत जाऊन आले. तो पूल बांधून झाला होता आणि मुकादम पुढच्या कामावर निघून गेला होता. कुठे, ते तिथे कुणाला माहीत नव्हतं.

मी पावसाळ्याची पेटी घेऊन गेले, तेव्हा भादवा असूनही सुगंधा वर्गात बसली नाही. आंब्याखाली जाऊन बसली. मी तिच्याजवळ गेले तर म्हणाली, "मामा येल तवा आयकन." बास, एवढंच. तिला मामा परत हवा होता, आणि मला ती गोष्टीला परत हवी होती. माझ्या ओढीची तिच्या ओढीपुढे काय किंमत, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी पुढची वर्षं मी त्या पाड्याकडे निघाले की जीपमध्ये बसल्या बसल्या मनात हेच यायचं, आज ओढ्यावर तो पेटी घ्यायला उभा असेल आणि आज ती ऐकेल.

एक वाट मात्र मोकळी होती. पावसात ओढा भरला की परतीची जीप चुकायची आणि मला मामीकडे मुक्काम करावा लागायचा. तिन्हीसांजेला मामी चुलीवर भाकरी टाकायची, दिवा लागायचा, आणि सुगंधा म्हणायची, "आता वाच." ती मात्र दाराकडे तोंड करून बसायची. पूर्वी ऐकताना ती पुस्तकाकडे बघायची, आता दाराकडे. मी ओढा भरायची इतकी वाट बघायला लागले की एकदा जीपवाला म्हणाला, "बाई, पाणी उतरलंय, चल की," तर मी त्याला म्हटलं, "तू जा, मला अजून भरलेलं दिसतंय."

तोवर ती मोठी व्हायला लागली होती, आणि तिच्यासाठी संध्याकाळी काय वाचायचं हा माझ्यापुढचा मोठाच पेच होता. आपल्याकडे दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ससे आणि कासवं मिळतात, आणि वीस वर्षांनंतरच्यांना सगळं जग मिळतं. मधल्यांसाठी आपण काय लिहितो? थोर पुरुषांची चरित्रं, आणि वयात येताना घ्यायची काळजी. चरित्रातला थोर पुरुष लहानपणापासूनच थोर असतो, त्याला कधी काही सुचत नाही असं होत नाही. काळजीच्या पुस्तकातली मुलगी इतकी समजूतदार असते की तिला काळजीची गरजच नसते. हल्ली किशोरवयीनांसाठी नव्या पद्धतीच्या कादंबऱ्या येतात, त्या मी उत्साहानं नेल्या. एकीतली मुलगी स्वतंत्र खोली मिळत नाही म्हणून आईवडलांशी अबोला धरते. सुगंधानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "येकटीनं झोपायचा? भ्या नाय वाटत?" मामी चुलीपुढून म्हणाली, "येडी हाय ती पोर." ती कादंबरी तिथेच संपली.

मला हवं होतं ते पुस्तक साधं होतं. चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी, जी भाकऱ्या भाजते, धाकट्यांना सांभाळते, शाळेत हुशार आहे, आणि जिच्या घरातलं एक माणूस मेलेलं नाही आणि आलेलंही नाही. ते का आलं नाही हे लेखकालाही माहीत नाही. असं पुस्तक मी मुंबई-पुण्याच्या दुकानांत, प्रदर्शनांत, पुस्तकांच्या जत्रांत शोधलं. दुकानदार विचारायचे, "कशावर हवंय?" मी सांगायचे, "वाट बघण्यावर." ते मला प्रेमकथांच्या फडताळाकडे न्यायचे. मी अजून शोधते आहे. कुणी लिहिलं तर मला कळवा, माझी दृष्टी आता फार काळ साथ देईल असं वाटत नाही.

दिवसा ती माहितीची पुस्तकं वाचायची, आणि त्यातलं एक तिला सापडलं ते लांब पल्ल्याच्या पक्ष्यांचं. थंडीत हजारो मैल उडून जाणारे आणि ऋतू बदलला की परत त्याच तळ्यावर येणारे पक्षी. ते पुस्तक तिनं इतक्यांदा वाचलं की त्याची शिवण सुटली. त्यात कुणीतरी कुठेतरी जायला निघत होतं, म्हणजे तिच्याच व्याख्येनं ती गोष्ट होती, पण ते मी तिला दाखवून दिलं नाही. पक्षी सूर्यावरून वाट ओळखतात, चांदण्यांवरून ओळखतात, नदीच्या वळणांवरून ओळखतात, असं त्यात लिहिलं होतं. एक दिवस तिनं मला विचारलं, "बाई, समदे येतात?"

आता इथे माझी पंचाईत झाली. कारण मुलांच्या पुस्तकात खरं लिहिलं पाहिजे यासाठी मी नोकरीभर भांडले आहे. आजोबा मरतात म्हणून कार्यालयानं पेटीतून काढलेलं एक पुस्तक मी स्वतःच्या पिशवीतून पुन्हा पाड्यांवर फिरवलं आहे. मुलांना दुःख कळतं, तुम्हालाच ते पेलत नाही, असं मी भर बैठकीत बोलले आहे. आणि मला चांगलं माहीत होतं, की सगळे पक्षी येत नाहीत. वादळात सापडतात, थकतात, कुणी जाळं लावतं. ते या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नव्हतं. एरवी मी लेखकाच्या नावानं बोटं मोडली असती. त्या दिवशी मला त्या अनोळखी लेखकाचे पाय धरावेसे वाटले.

"पुस्तकात तर तसंच लिहिलंय," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि पुस्तक छातीशी धरून घरी नेलं. तेव्हापासून गोड शेवट करणाऱ्या लेखकांवर मी पूर्वीसारखी तुटून पडत नाही. माझं मत बदललं असं नाही. पण कुणाच्या हातात काय पडेल आणि त्या वेळी त्या हाताला काय पेलेल, हे लेखकालाही ठाऊक नसतं आणि पेटीवाल्या बाईलाही नसतं, एवढं मला कळलं.

दहावी झाल्यावर सुगंधा शिकायला मोखाड्याला गेली, वसतिगृहात राहायला लागली. पाड्यापर्यंत रस्ता झाला, ओढ्यावर फरशीचा पूल झाला, जीप थेट शाळेच्या दारात जाऊ लागली. मला पेटी डोक्यावर घेणारं कुणी लागेना आणि मुक्कामाला निमित्तही उरेना. मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी ती कधी भेटायची, मैत्रिणींबरोबर, वेणीला रिबीन, हातात फोन. मी नेहमी विचारायचे, "काही कळलं?" ती नेहमी म्हणायची, "नाय अजून." त्या 'अजून'वर मी पुढचा महिना काढायचे.

नोकरीच्या शेवटच्या हिवाळ्यात मी त्या पाड्यावर गेले. मामे सगळे बाहेर होते, म्हणून सवयीनं कोड्यांची पुस्तकं वर काढून ठेवली होती. आताच्या पोरांना दिवसाच्या गोष्टीचं फारसं काही वाटत नाही, पण मला माझी पेटी बदलवत नव्हती. सुगंधा घरी आली होती, मामीला बरं नव्हतं म्हणून. मी आल्याचं कळलं तशी ती शाळेत आली. आंब्याखाली थांबली नाही. आत आली आणि दुसरी-तिसरीच्या पोरांमध्ये मांडी घालून बसली.

"बाई, गोठ वाच," ती म्हणाली.

मी बाहेर पाहिलं. लख्ख ऊन होतं. म्हटलं, "दुपार आहे गं."

"माना म्हाइत हाय."

"मी थांबते संध्याकाळपर्यंत. मामीकडे राहते आज. दिवा लागला की वाचू."

"नको." ती माझ्याकडे सरळ बघत होती, दाराकडे नाही. मग पोरांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "वाट भुलाया मानूस वाटंवर तरी असाया पायजे, बाई."

इतकी वर्षं मला हेच हवं होतं. तिनं आत यावं, बसावं, गोष्ट मागावी. आणि आता ती मागत होती, तर मला ते नको झालं होतं. मी कोड्यांचं पुस्तक पुढे केलं. तिनं ते बाजूला ठेवलं, पेटीत खालपर्यंत हात घालून एक गोष्टीचं पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. पहिलं वाक्य मी मनातच वाचलं आणि पुस्तक मिटलं. एक मुलगा घरून निघतो, एवढंच वाक्य होतं.

मग तिनं पुस्तक माझ्या हातून घेतलं आणि स्वतःच वाचायला लागली. छान वाचत होती. कुठे घाई नव्हती, कुठे लाडीक आवाज नव्हता. जिथे पुस्तकातलं मराठी पोरांना कळणार नाही तिथे ती सहज घरची बोली घालत होती. पोरं पुढे सरकून बसली.

मी पुस्तकांवर जगलेली बाई आहे. दिवसा गोष्ट वाचल्यानं कुणाचा मामा वाट चुकत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी उठले आणि आवाज बाहेर रस्त्यापर्यंत जाऊ नये म्हणून शाळेच्या खिडक्या एकेक करून ओढून घ्यायला लागले. सुगंधानं वाचता वाचता मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती थांबली नाही, पण पुढचं सगळं तिनं हळू आवाजात वाचलं.